घरच्या मीडिया सर्व्हरवरून लाइव्ह टीव्ही बघणं आणि रेकॉर्ड करणं

अँटेना, डिश किंवा केबलची वायर टीव्हीच्या मागे न खोचता घरातल्याच एका कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरकडे न्यायची, आणि तिथून ते चॅनल घरच्या नेटवर्कवरून टीव्ही, मोबाइल, टॅब जिथे पाहिजे तिथे बघायचं नाहीतर डिस्कवर साठवून ठेवायचं, याला घरच्या मीडिया सर्व्हरवरचा लाइव्ह टीव्ही म्हणतात. हा सर्व्हर एरवी सिनेमे, गाणी, फोटो सांभाळत असतो, त्यातच हे एक काम वाढतं. पण दोन कामांत फरक मोठा आहे. सिनेमाची फाइल पडून असते, आज बघा नाहीतर पुढच्या महिन्यात बघा, तिला काही होत नाही. चालू प्रसारण थांबत नाही, नऊ वाजता जे लागलं ते नऊ वाजताच पकडावं लागतं, त्या वेळी मशीन झोपलेलं असेल, चॅनल पकडणारा ट्यूनर दुसरीकडे अडकलेला असेल किंवा वेळापत्रकच चुकीचं असेल तर कार्यक्रम हातचा गेला. या सेटअपमधल्या बहुतेक अडचणी इथूनच येतात, व्हिडिओच्या क्वालिटीच्या अडचणी त्या मानाने लवकर सुटतात.

आधी काय होतं

घरी टीव्ही रेकॉर्ड करणं जुनंच आहे. सोनीचं बेटामॅक्स १९७५ मध्ये आलं, पुढच्या वर्षी व्हीएचएस. त्यावरून अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओने सोनीवर केस केली आणि १९८४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की लोकांनी नंतर बघायला म्हणून घरी कार्यक्रम टेप करणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही. टेपच्या जागी हार्ड डिस्क आली ती १९९९ मध्ये, टिवो आणि रिप्लेटीव्ही या दोन मशीनबरोबर, आणि चालू कार्यक्रम पॉज करून चहा घेऊन परत येता येतं हे लोकांना पहिल्यांदा कळलं. २००२ मध्ये मिथटीव्ही हा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट सुरू झाला, म्हणजे जुन्या पीसीत ट्यूनर कार्ड टाकून हेच काम स्वतःच्या हाताने करायचं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचं मीडिया सेंटर काढलं, बरीच वर्षं ते खूप लोकांनी वापरलं, पण २०१५ च्या विंडोज १० मध्ये ते नव्हतं आणि ते लोक दुसरं काहीतरी शोधायला लागले. प्लेक्स या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने २०१६-१७ मध्ये रेकॉर्डिंग आणि लाइव्ह टीव्ही आणलं. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पण ते आहे, आणि एम्बीचा कोड सगळ्यांना खुला राहिला नाही तेव्हा २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यातून फुटून निघालेल्या जेलीफिनमध्येही आहे. पहिल्या दोघांत रेकॉर्डिंगसाठी पैसे भरावे लागतात, जेलीफिन पूर्ण मोफत आहे. टीव्हीहेडएंड हा फक्त टीव्हीचं काम करणारा सर्व्हर, दिसायला रुक्ष पण डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या कामात फार पक्का. कोडीबद्दल गैरसमज खूप आहे, कोडी हा मुळात प्लेयर आहे, त्याला लाइव्ह टीव्ही दाखवायला मागे टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआरसारखं काहीतरी चालू असावं लागतं.

ट्यूनर आणि वायर

हवेतून किंवा वायरीतून येणाऱ्या सिग्नलमधून हवा तो चॅनल वेगळा काढतो तो ट्यूनर. पीसीआय कार्ड, यूएसबी डोंगल किंवा एचडीहोमरनसारखा नेटवर्कवरचा डबा, असे प्रकार मिळतात. डबा सगळ्यात सोयीचा, कारण तो अँटेनाच्या वायरीजवळ ठेवता येतो आणि सर्व्हर कुठेही असला तरी चालतो, ड्रायव्हरची कटकट नाही. विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की बघायची, आपल्याकडचं प्रसारण कुठल्या स्टँडर्डचं आहे. अमेरिकेत एटीएससी, युरोपात आणि जगात बऱ्याच ठिकाणी डीव्हीबी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी. शिवाय डीव्हीबीतही अँटेनाचं टी, केबलचं सी आणि डिशचं एस वेगळं, जुना टी ट्यूनर नवीन टी२ पकडत नाही. चुकीचा ट्यूनर आणला तर कुठल्याही सेटिंगने तो चालणार नाही.

एक ट्यूनर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी पकडतो. पण डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनल एकत्र बांधून येतात, त्याला मल्टिप्लेक्स किंवा नुसतं मक्स म्हणतात. टीव्हीहेडएंडला हे कळतं, म्हणजे एकाच मक्सवरचे तीन चॅनल तो एका ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड करतो. नेटवर्क डब्यांत सहसा एक चॅनल म्हणजे एक ट्यूनर असा हिशोब असतो. त्यामुळे दोन ट्यूनर घेतले की भागेल असं वाटतं पण एक जण लाइव्ह बघतोय, एक रेकॉर्डिंग चालू आहे आणि तिसरं नऊला सुरू होणार आहे अशी वेळ पहिल्याच आठवड्यात येते. चार ट्यूनरवाला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. डिशचं गणित आणखी वेगळं. डिशवरच्या नेहमीच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या भागाला, ट्यूनर त्याच वायरीतून करंट पाठवून सांगतो की सिग्नलचा कुठला भाग पाहिजे, १३ व्होल्ट दिले तर उभं पोलरायझेशन (उभ्या दिशेच्या लहरी), १८ दिले तर आडवं, आणि सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सींचा बँड. म्हणजे एका वायरीवर एका वेळी एकच चतुर्थांश भाग येतो, म्हणून दोन ट्यूनरना साध्या स्प्लिटरने एक वायर वाटून दिली की ते एकमेकांचे चॅनल घालवतात. त्याला चार तोंडांचा क्वाड एलएनबी लावून प्रत्येक ट्यूनरला वेगळी वायर न्यावी लागते, किंवा एकाच वायरीवरून अनेक ट्यूनर चालवणारा युनिकेबलवाला एलएनबी.

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला तर मुंग्या यायच्या पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये तसं नाही, चित्र एकदम स्वच्छ असतं, आणि सिग्नल एका हद्दीखाली गेला की चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो आणि मग काहीच नाही. दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की प्रत्येक बाजूला सिग्नलचे साधारण साडेतीन डीबी (डेसिबल) कमी होतात, हद्दीवर असलेला चॅनल तेवढ्यानेही जातो. माझ्याकडे एक चॅनल फक्त वारा सुटला की फुटायचा, मी महिनाभर सर्व्हरचे बफर आणि सेटिंग बदलत बसलो होतो, शेवटी गच्चीवरचं वायर जोडायचं एफ कनेक्टर उघडलं तर बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकत होती. कात्रीने ती कापली आणि तेव्हापासून तो चॅनल फुटलेला नाही. म्हणून चित्र फुटत असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी ट्यूनरच्या पानावर सिग्नलची क्वालिटी आणि एररचे आकडे बघावेत.

गाइड

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट ही आहे. कार्यक्रमांचं वेळापत्रक, म्हणजे ईपीजी किंवा गाइड, चुकलं की बाकी सगळं पक्कं असूनही रेकॉर्डिंग चुकतं. गाइड दोन ठिकाणांहून येतं. एक सिग्नलमधूनच, डीव्हीबीत ईआयटी नावाची टेबलं चॅनलबरोबर सतत फिरत असतात, त्यात आत्ता काय चालू आहे, नंतर काय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या काही दिवसांचंही असतं. दुसरं इंटरनेटवरून, एक्सएमएलटीव्ही नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. शेड्यूल्स डायरेक्ट ही नफा न घेणारी संस्था २००७ पासून वर्गणी घेऊन असं गाइड पुरवते, झॅपटूइट लॅब्सचं मोफत गाइड बंद झाल्यावर ओपन सोर्सवाल्यांनीच ती उभी केली.

एक्सएमएलटीव्हीत वेळ कशी लिहितात ते एकदा फाइल उघडून बघण्यासारखं आहे. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे १४ आकडे सलग आणि एक जागा सोडून टाइमझोनचा फरक, उदाहरणार्थ २०२४०३१५२१०००० +०१००. तो शेवटचा तुकडा नसेल तर वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते आणि सगळं गाइड काही तासांनी सरकतं. गाइड बरोब्बर एक, दोन किंवा साडेपाच तासांनी पुढेमागे दिसत असेल तर ९९ टक्के वेळा हेच कारण. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मॅपिंग, गाइडमधला चॅनल आणि ट्यूनरमधला चॅनल यांची जोडी लावावी लागते, एकाच नावाचे साधा आणि एचडी असे दोन चॅनल असतात, जोडी चुकली की नाव एका कार्यक्रमाचं आणि आत भलतंच.

आणि गाइड बरोबर असलं तरी प्रसारण वेळेवर चालत नाही. म्हणून पॅडिंग ठेवतात, सुरू होण्याच्या दोन मिनिटं आधी आणि संपल्यावर पाच मिनिटं जास्त. मॅचला एवढ्याने भागत नाही, तिथे निदान तासभर ठेवावा. एका फायनलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे पॅडिंगसकट मॅचच्या शेवटच्या काही मिनिटांआधी संपलं, अतिरिक्त वेळ सुरू झालेला, मैदानावर सगळे उभे, आणि फाइल तिथेच खलास. तेव्हापासून मी मॅचनंतरच्या कार्यक्रमालाही रेकॉर्डिंग लावतो. पॅडिंगचा तोटा पण आहे, आठ ते नऊ आणि नऊ ते दहा असे दोन कार्यक्रम लावले तर मधल्या सात मिनिटांत दोन्ही एकदम चालू असतात आणि चॅनल एकच असला तरी काही सर्व्हर त्याला दोन ट्यूनर धरतात, मग विनाकारण ट्यूनर कमी पडतो. टीव्हीहेडएंडमध्ये याला एक उपाय आहे, ईआयटीतला आत्ता काय चालू आहे हा तुकडा बघून तो रेकॉर्डिंग सुरू आणि बंद करतो. अर्थात चॅनलवाल्यांनी तो तुकडा वेळेवर बदलला पाहिजे, सगळे बदलत नाहीत.

सिरीयलला नियम लावता येतो, फक्त नवीन एपिसोड घे वगैरे. पण नवीन कुठला हे सर्व्हरला गाइडमधल्या एपिसोड नंबरवरूनच कळतं, गाइडमध्ये नुसतं सिरीयलचं नाव असेल तर सकाळचं, दुपारचं, रात्रीचं सगळं रिपीट डिस्कवर जमा होतं.

फाइल आणि डिस्क

रेकॉर्डिंग म्हणजे बहुतेक वेळा हवेतून आलेला डेटा जसाच्या तसा लिहून ठेवणं. म्हणूनच ते काम हलकं आहे, जुना कॉम्प्युटरही चार रेकॉर्डिंग एकदम करतो. हा डेटा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (टीएस) या रूपात असतो, १८८ बाइटची छोटी छोटी पाकिटं एकामागून एक, प्रत्येकाच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण. याचा मोठा फायदा असा की मध्येच लाइट गेले तरी तोवरची फाइल चालते, प्लेयर पुढची खूण शोधतो आणि सुरू होतो. साधी एमपी४ फाइल अशी अर्धवट राहिली तर तिचा इंडेक्स शेवटी लिहायचा असतो तो लिहिलाच जात नाही आणि ती उघडत नाही. म्हणून आधी टीएस मध्येच घ्यावं, बदलायचं ते नंतर.

जागा किती लागते ते बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्यावर. अमेरिकेतल्या एटीएससीच्या एका पूर्ण चॅनलची मर्यादा सेकंदाला १९.३९ मेगाबिट, त्या हिशोबाने तासाला साधारण ८.७ जीबी. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमधला ८ मेगाबिटचा एचडी चॅनल तासाला ३.६ जीबी घेतो. डिस्कच्या वेगाची काळजी नको, १९ मेगाबिट म्हणजे सेकंदाला अडीच एमबीसुद्धा नाही. डिस्क भरणं हाच खरा धोका, सिस्टिमच्याच डिस्कवर रेकॉर्डिंग ठेवलं आणि ती भरली तर सगळा सर्व्हरच अडतो, म्हणून रेकॉर्डिंगची डिस्क वेगळी ठेवावी आणि बघून झालेले एपिसोड आपोआप उडवायचं सेटिंग चालू करावं.

लाइव्ह बघताना

साध्या टीव्हीवर चॅनल एक-दोन सेकंदांत बदलतो, सर्व्हरवरून पाच-दहा सेकंद लागू शकतात, नवीन माणूस इथेच वैतागतो. कारण ट्यूनरला फ्रिक्वेन्सी पकडायची असते, मग पूर्ण चित्राची फ्रेम येईपर्यंत थांबायचं असतं, आणि मोबाइल किंवा ब्राउझरला तो फॉरमॅट चालत नसेल तर ट्रान्सकोडिंग करून, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून, काही सेकंदांचे तुकडे तयार करायचे असतात. बऱ्याच ब्राउझरना एमपेग-२ हा टीव्हीचा जुना व्हिडिओ फॉरमॅट चालवताच येत नाही. शिवाय १०८०आय वाल्या चॅनलवर प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येते, ते नीट जोडलं नाही तर धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हे सगळं प्रोसेसरवर टाकलं तर पंखा ओरडायला लागतो, इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे खास व्हिडिओच्या कामासाठीचा भाग, २०११ पासून प्रोसेसरमध्येच आहे, ते चालू केलं की तेच काम शांतपणे होतं. त्याहून बरं म्हणजे टीव्हीला असं अ‍ॅप किंवा डबा लावायचा की जो मूळ स्ट्रीम जसाच्या तसा चालवेल, म्हणजे ट्रान्सकोडिंगच नको.

जाहिराती शोधायला कॉमस्किप नावाचा प्रोग्राम आहे. काळी फ्रेम कुठे आली, आवाज कुठे बंद झाला, कोपऱ्यातला लोगो कुठे गेला यावरून तो अंदाज करतो. अंदाजच तो, कधी कधी जाहिरात समजून कार्यक्रमाचाच तुकडा धरतो, त्यामुळे फाइल कापायला लावू नये, नुसत्या खुणा करून घ्याव्यात आणि बघताना उडी मारावी.

काय येणार नाही

हे सगळं मोफत, उघड्या चॅनलचं झालं. पैसे भरून मिळणारे चॅनल कुलूपबंद येतात, ट्यूनरला ते पकडता येतात पण आत फक्त गोंधळ असतो. काही देशांत कार्डाचं मॉड्यूल लावून ते उघडतात, अमेरिकेत केबलकार्ड होतं पण केबल कंपन्यांनी ते द्यायलाच पाहिजे ही सक्ती २०२० मध्ये उठली. अमेरिकेतल्या नवीन एटीएससी ३.० मध्ये तर हवेतून मोफत येणारे काही चॅनलही कुलूप लावून येतात, आवाज एसी-४ या नवीन फॉरमॅटमध्ये असतो, आणि घरच्या सर्व्हरवाल्यांची यावर खरी नाराजी आहे. ती मला पटते, कारण अँटेना आपला आणि डिस्क आपली असताना नंतर बघायला ठेवण्याचीच सोय त्यात जाते. चॅनल दुसऱ्याला पाठवणं ही मात्र वेगळी गोष्ट, एरिओ नावाच्या कंपनीने स्वतःच्या जागेत प्रत्येक ग्राहकासाठी एक असे छोटे अँटेना लावून इंटरनेटवरून टीव्ही द्यायला सुरुवात केली होती, ती २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ मतांनी हरली. घरातल्या माणसांनी घरच्या सर्व्हरवरून बघणं आणि बाहेरच्यांना लॉगिन वाटणं यात हाच फरक आहे. नियम देशादेशात वेगळे आहेत, म्हणून सर्व्हर बाहेरून उघडण्याआधी आपल्याकडचे नियम बघून घ्यावेत.