वाचन चालू आहे, लेखन सोमवारपासून

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळीच खुर्च्या भरतात. बीड, नांदेड, सोलापूर, जळगावहून आलेली मुलंमुली तिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता चार पर्यायांतला एक गोल रंगवून भागत नाही, उत्तर आपल्या शब्दांत लिहावं लागतं. हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही सगळ्यात मागे पडतो तो उत्तरलेखनाचा सराव. ‘आधी इतिहास एकदा पुरता वाचून होऊ दे’, ‘त्या क्लासच्या नोट्सची झेरॉक्स मिळू दे’, ‘सोमवारपासून रोज एक उत्तर’. असे कितीतरी सोमवार येतात आणि जातात.

अशा मुलाला घरचे आळशी म्हणतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. आळशी माणूस बारा तास खुर्चीत बसत नाही. चालढकल करणारा बहुतेकदा रिकामा नसतोच. एका कामाच्या वाटेला जायला नको म्हणून तो दुसरी चार कामं उत्साहाने करत असतो. प्रबंध लिहायला बसायचं असलेली विद्यार्थिनी संदर्भांची यादी पुन्हा नीट लावते. तळजाईवर पळायला जायचं ठरवलेला गृहस्थ आठवडाभर बुटांची तुलना करत राहतो.

मग हे काय आहे? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पायर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांना ही सवय कायमची जडलेली असते, असा अंदाज त्यात दिला आहे. काम नकोसं वाटणं, त्याचं फळ दूर असणं, आपल्याला जमेल याचा भरवसा नसणं आणि मनाचा उतावळेपणा या गोष्टींशी चालढकलीचा घट्ट संबंध दिसला. ‘मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून सुरुवात होत नाही’ हे कारण आपण फार आवडीने देतो, पण त्याला या आढाव्यात फारसा आधार मिळाला नाही. उत्तरलेखनाला ही मोजपट्टी लावून पाहा. कोरा कागद नकोसा वाटतो, निकाल कित्येक महिन्यांवर असतो आणि पहिलं उत्तर वाईट येणार हे आधीच माहीत असतं. वाचताना आपल्याला काय येत नाही ते कळत नाही, लिहायला घेतलं की लगेच कळतं. म्हणून वाचन सुखाचं वाटतं.

टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरोइस हे संशोधक अनेक वर्षं सांगत आले आहेत की चालढकल ही वेळेच्या नियोजनाची अडचण नाही, भावना सांभाळण्याची आहे. कामाचा विचार आला की पोटात गोळा येतो. काम बाजूला सारलं की तो गोळा विरतो. ही सुटका लगेच मिळते, म्हणून मेंदू ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाट धरतो.

यावर डायान टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार आवडतो. त्यांनी काही विद्यार्थ्यांना आधी उदास केलं आणि मग गणिताच्या चाचणीच्या तयारीसाठी थोडा वेळ दिला. खोलीत मन रमवायच्या गोष्टीही ठेवल्या होत्या. उदास विद्यार्थी सराव सोडून त्यांत जास्त रमले. पण काहींना आधी सांगितलं होतं की खोलीतल्या सुगंधी मेणबत्तीमुळे तुमची मनःस्थिती काही वेळ आहे तशीच राहील, काही केलं तरी बदलणार नाही. मेणबत्तीत असा काहीही गुण नव्हता. तरी या विद्यार्थ्यांमध्ये उदासीमुळे होणारी जास्तीची चालढकल दिसली नाही. पळून जाऊन बरं वाटणारच नसेल, तर पळायचं कारणच उरत नाही.

सुटकेची किंमत मात्र चुकवावी लागते. टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांची पाहणी मांडली होती. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांवर इतरांपेक्षा ताण कमी होता आणि ते आजारीही कमी पडत होते. सत्राच्या शेवटी चित्र उलटलं. ताण वाढला, दुखणी वाढली, एकूण बेरीज इतरांपेक्षा जास्त भरली आणि गुणही कमी मिळाले. ‘मला दडपणाखालीच काम सुचतं’ म्हणणाऱ्यांनी हे निष्कर्ष जरूर पाहावेत.

जर्मनीत बोखुमच्या रूर विद्यापीठात २०१८ साली २६४ जणांच्या मेंदूंचं एमआरआय केलं गेलं. ठरवलेलं काम हाती घेणं ज्यांना जड जात होतं, त्यांच्यात अमिग्डाला हा भाग सरासरीने मोठा होता. धोक्याची आणि वाईट परिणामांची दखल घेण्यात हा भाग गुंतलेला असतो. कृतीचं नियमन करणाऱ्या एका भागाशी त्याचा दुवाही या लोकांत कमकुवत दिसला. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही. पण ‘मनावर घे, म्हणजे होईल’ हा उपदेश इतका तोकडा का पडतो, याची थोडी कल्पना येते.

आता पहिल्या पावलाकडे येऊ. पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकारी संशोधक ब्रांडस्टेटर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना एक काम दिलं. नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली, ते पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवायचं. लिहायला कधी आणि कुठे बसणार, हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. बाकीच्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच पोचले. २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हा परिणाम चांगला भक्कम निघाला. कारण साधं आहे. प्रसंग आणि कृती आधीच बांधून ठेवली की त्या क्षणी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

म्हणून ‘रोज उत्तरं लिहीन’ यापेक्षा ‘अभ्यासिकेत बॅग टेबलावर ठेवली की पुस्तक उघडण्याआधी एका प्रश्नाची फक्त प्रस्तावना लिहीन’ हे जास्त कामाचं. पळायचं असेल तर ‘साडेपाचचा गजर झाला की बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाईन’. गेटपर्यंतच. पाऊल इतकं लहान हवं की त्याची धास्ती वाटू नये.

लहान पावलाने होतं काय, असं कुणी विचारेल. बर्लिनमध्ये मारिया ओव्स्यांकिना यांनी १९२८ साली दाखवलं होतं की हाती घेतलेलं काम मध्येच थांबवलं, तर संधी मिळताच माणसं आपण होऊन पुन्हा त्याकडे वळतात, कुणी सांगितलं नसलं तरी. अर्धी लिहिलेली प्रस्तावना खुणावत राहते, कोरा कागद खुणावत नाही. दुसरा दाखला अमेरिकेतल्या गाड्या धुण्याच्या एका केंद्राचा आहे. जोसेफ न्यून्स आणि झेवियर द्रेझ यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. काही ग्राहकांना आठ शिक्के पूर्ण करायचं कार्ड मिळालं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यात ३४ टक्के. सुरुवात झालेली आहे, एवढी जाणीवही माणसाला पुढे नेते.

एखादा दिवस चुकणारच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला, आणि एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. चुकलेल्या दिवसापेक्षा त्यानंतर स्वतःला दिलेल्या शिव्या जास्त घातक. कॅनडात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. हे तर्काला धरूनच आहे. अपराधी वाटू लागलं की ते काम आणखी नकोसं होतं, आणि नकोसं वाटलं की पुन्हा टाळलं जातं. आईवडिलांनी रविवारच्या फोनवर ‘झालं का रे काही?’ असं विचारण्याऐवजी ‘उद्या किती वाजता बसतोस लिहायला?’ एवढंच विचारलं, तर त्या मुलाला खरंच आधार होईल.

या सगळ्याने काही जणांचं भागणार नाही. लहानपणापासून लक्ष टिकत नसेल, किंवा आठवडेच्या आठवडे अंघोळ, जेवण, मित्रांचे फोन हेसुद्धा टाळलं जात असेल, तर तिथे अवधान-न्यूनता किंवा नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. घरापासून लांब, कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून) राहणाऱ्या मुलांना डॉक्टरकडे जायचा संकोच आणि खर्च दोन्ही आड येतात. त्यांच्यासाठी मानसिक आरोग्याबद्दल फोनवर सल्ला देणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.