सिझेरियनोत्तर अंतर्क्लथन-प्रतिबंध

सिझेरियन शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीच्या खोल नीलांत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांत) रक्ताची गुठळी होऊ नये (अंतर्क्लथन) आणि झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकू नये (फुप्फुस अंतर्कीलन) यासाठी योजावयाचे उपाय. गरोदरपणात रक्त गोठविणारे घटक वाढतात. प्रसूतीतील रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठीची ही शरीराची तजवीज मानली जाते. शिवाय गर्भाशयाच्या दाबाने पायांतील रक्त सावकाश वर चढते आणि शस्त्रक्रियेत ओटीपोटातील नीलांना इजा पोहोचते. योनिमार्गे झालेल्या प्रसूतीच्या तुलनेत सिझेरियननंतरचा धोका सुमारे चौपट धरतात. पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, सहा आठवड्यांनी बराच ओसरतो; किंचित वाढ बारा आठवड्यांपर्यंतही आढळली आहे. गुठळी बहुधा डाव्या पायात होते, कारण उजवी श्रोणि-रोहिणी (हृदयाकडून ओटीपोट व पायाकडे रक्त नेणारी वाहिनी) डाव्या श्रोणि-नीलेवरून जाते व तिला दाबते.

बाळंतिणीचा एक पाय सुजून पांढरा पडणे हा विकार यूरोपात ‘दुधाचा पाय’ म्हणून ओळखला जाई. त्याच्या कारणाविषयीचा वाद जवळजवळ दीडशे वर्षे चालला. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मोरिसो (१६६८) यांनी न वाहिलेल्या प्रसूतिस्रावाला दोष दिला. अठराव्या शतकात पुझो व त्यांच्या अनुयायांनी दूध स्तनांकडे न जाता पायात उतरते असे मांडले. बाळाला अंगावर पाजावे या सल्ल्याला त्यामुळे आणखी एक आधार मिळाला. मँचेस्टरचे चार्ल्स व्हाइट (१७८४) यांनी दुधाची कल्पना नाकारून लसीकावाहिन्यांकडे (ऊतकांतील पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांकडे) बोट दाखविले. लंडनच्या डेव्हिड डेव्हिस यांनी १८२२–२३च्या सुमारास शवविच्छेदनात नीलाच बंद झालेल्या दाखविल्या, आणि हेच मत पुढे टिकले. रक्तप्रवाहाची मंदता, वाहिनीची इजा व रक्ताची गोठणशीलता हे गुठळीच्या कारणांचे त्रिक जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडॉल्फ फिरखो यांच्या नावावर (१८५६) सांगितले जाते. मात्र त्यांचे लक्ष मुख्यतः सुटलेल्या गुठळीच्या परिणामांवर होते आणि त्रिकाची आजची मांडणी विसाव्या शतकातली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन या औषधाच्या शोधाचे श्रेयही वादग्रस्त आहे. १९१६ मध्ये बॉल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला रक्त गोठविणारा पदार्थ शोधताना नेमका उलट गुणाचा पदार्थ सापडला. ‘हेपारिन’ हे नाव १९१८ मध्ये त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल व एमेट होल्ट यांनी दिले. हॉवेल यांनी नंतर वेगळा केलेला पदार्थ रासायनिक दृष्ट्या निराळा होता, म्हणून सर्व श्रेय एकट्या मॅक्लीनला देणे कठीण आहे. शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधासाठी अल्प मात्रेत हेपारिन देण्याची रीत रुळली ती मुख्यतः विजय कक्कर यांच्या लंडनमधील कार्यामुळे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बहुराष्ट्रीय चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते, पण ते चाळिशीपुढचे. बाळंतिणींसाठीचा पुरावा असा बराचसा उसनवार आहे. त्यांच्यावरील स्वतंत्र चाचण्या थोड्या व लहान आहेत.

त्यामुळेच देशोदेशींच्या शिफारशी जुळत नाहीत. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ मध्ये तातडीच्या प्रत्येक सिझेरियननंतर दहा दिवस कमी रेणुभाराचे हेपारिन सुचविले, नियोजित सिझेरियनला अन्य जोखीम (स्थूलता, पस्तिशीपुढील वय, मोठा रक्तस्राव इ.) असेल तरच. पूर्वी गुठळी झालेल्यांना सहा आठवडे. एनॉक्सापॅरिन या अशाच एका हेपारिनची मात्रा वजनावर ठरते : ५० ते ९० किग्रॅ.ला रोज ४० मिग्रॅ. अमेरिकेत भर आहे तो शस्त्रक्रियेआधीच चढवावयाच्या, हवेच्या दाबाने पोटऱ्या आळीपाळीने आवळणाऱ्या पट्ट्यांवर. औषध निवडक स्त्रियांनाच. ब्रिटिश धोरण मातामृत्यूंच्या चौकशीच्या नोंदींवर उभे आहे आणि १९९५च्या पहिल्या शिफारशींनंतर तेथे सिझेरियनोत्तर मृत्यू घटले, ही त्याची जमेची बाजू. रक्तस्रावाची व जखमेत रक्त साकळण्याची भीती ही उणी बाजू. मणक्यातील भुलेची नळी काढल्यावर किमान चार तास इंजेक्शन देत नाहीत. हेपारिन व वॉर्फरिन (तोंडाने घ्यावयाचे जुने गोठणरोधक औषध) घेताना बाळाला पाजता येते. नव्या तोंडी औषधांबाबत तसे सांगत नाहीत.

लवकर उठून चालणे हा उपाय सर्वांनाच लागू आहे. शिकागोचे एमिल रीस यांनी तो १८९९ मध्येच उदरशस्त्रक्रियांसाठी सुचविला होता, पण रूढ व्हायला निम्मे शतक गेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा आहे. सव्वा महिन्याची विश्रांती, बाजेवरचा शेक आणि पाणी बेताने पिण्याची जुनी चाल यांचा सिझेरियननंतर वेगळा विचार करावा लागतो. ‘टाके ओले आहेत, उठू नको’ हा घरच्यांचा सल्ला तर लवकर चालण्याच्या थेट आड येतो. दोन्ही पायांची सूज बाळंतपणात नेहमीची असते. एकाच पायाची दुखरी सूज किंवा अचानक लागलेली धाप मात्र तातडीच्या तपासणीचा विषय होय.