विषाणू स्वतःच जागं करतो ते औषध

ताप उतरला आणि ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका आला, की घरात कुणीतरी म्हणतंच, 'बरं झालं, अंगातली उष्णता बाहेर पडली.' मग त्यावर चुना लागतो, टूथपेस्ट लागते, नाहीतर कपाटात सापडेल ते मलम. उष्णता वगैरे काही बाहेर पडलेली नसते. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचं असतं. तो बहुधा लहानपणीच, घरातल्याच एखाद्या माणसाने घेतलेल्या पाप्यातून अंगात शिरलेला असतो. तापाने त्याला फक्त उठवलेलं असतं.

याचे प्रकार दोन. पहिला मुख्यतः ओठांवर दिसतो, दुसरा जननेंद्रियांवर. मुखमैथुनातून पहिलाही खाली पोचतो, त्यामुळे वाटणी काटेकोर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या अंदाजानुसार 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या अंगात पहिला प्रकार आहे, आणि 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटींच्या अंगात दुसरा. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अशा आजारापायी कुणाच्या चारित्र्यावर शंका घेणं अन्यायाचं आहे.

मला या विषाणूचं सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं लपणं. त्वचेत पहिल्यांदा वाढताना तो तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो. पेशीतली आतल्या दिशेने माल वाहून नेणारी प्रथिनं त्याला ओढत नेतात, सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर वेगाने. या हिशेबाने 10 सेंटिमीटरला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. ओठांवरचा विषाणू पोचतो कवटीच्या तळाशी, कानाजवळच्या मज्जापेशींच्या, म्हणजे मज्जातंतू ज्यांतून निघतात त्या पेशींच्या, गाठीत. जननेंद्रियांवरचा, कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या गाठींत. तिथे त्याचा डीएनए गोल कडं होऊन पेशीच्या केंद्रकात पडून राहतो. स्वतःची प्रथिनं तो जवळजवळ बनवतच नाही. ओळखायलाच काही नसल्याने रोगप्रतिकारक पेशींना तो दिसत नाही. शिवाय मज्जापेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, म्हणून शरीरही तिला मारायला सहसा धजत नाही. लपायला याहून सुरक्षित जागा नाही.

ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, पाळी अशा निमित्ताने तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूतून उलट उतरतो. फोड दर वेळी जवळपास त्याच जागी येतात ते यामुळे. फोड दिसण्याआधी काही तास तिथे मुंग्या येतात, चुरचुरतं.

आता औषधाकडे येऊ. असायक्लोव्हिर 1970च्या दशकात अमेरिकेत गर्ट्रूड एलियन ज्या प्रयोगशाळेत काम करत तिथे घडलं. एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती. 1988 साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. असायक्लोव्हिर दिसतं डीएनएच्या चार घटकांपैकी ग्वानोसिनसारखं, पण गोळीतून येतं तेव्हा ते निष्क्रिय असतं. कामाला लागण्यासाठी त्याला तीन फॉस्फेट गट चिकटावे लागतात. त्यातला पहिला गट आपली निरोगी पेशी जवळजवळ चिकटवतच नाही. तो चिकटवतं थायमिडिन कायनेज हे विषाणूचं स्वतःचं विकर (एन्झाइम). पुढचे दोन गट मग आपल्या पेशीतली विकरं जोडतात. त्यामुळे लागण झालेल्या पेशीत औषधाचं सक्रिय रूप निरोगी पेशीच्या 40 ते 100 पट साठतं. विषाणूचं डीएनए पॉलिमरेज हे विकर त्याला खरा घटक समजून नव्या साखळीत बसवतं, आणि साखळी तिथेच संपते, कारण हा पुढच्या बाजूला हूकच नसलेला रेल्वेचा डबा असतो. त्याला पुढचा डबा जोडता येत नाही.

म्हणजे औषध चालू करण्याचं काम विषाणूच करतो, तेही जागा असताना. गाठीत निपचित पडलेला विषाणू ते विकर बनवत नाही, म्हणून औषध तिथे निष्क्रियच राहतं. ज्या गुणामुळे ही गोळी आपल्या पेशींना फारशी इजा करत नाही, त्याच गुणामुळे ती रोग मुळासकट काढू शकत नाही. गोळी पहिल्या मुंग्यांबरोबर सुरू करायची तीही याचमुळे. खपली धरल्यावर सुरू केली तर फारसा उपयोग उरत नाही. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर रोजची गोळी देतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जननेंद्रियांवरच्या हर्पिससाठी रोज व्हॅलासायक्लोव्हिर (पोटात गेल्यावर याचंच असायक्लोव्हिर होतं) घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्याने कमी झाली.

स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग कायमचा बरा' असं रंगवणाऱ्यांनी त्या मज्जागाठीपर्यंत कसं पोचणार ते आधी सांगावं. फोड आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप वाळतात आणि श्रेय यांच्या पुड्यांना जातं.

विषाणू फोड नसतानाही अधूनमधून त्वचेवर येतो, म्हणून जोडीदाराशी बोलायलाच हवं. कंडोमने धोका बराच घटतो, पूर्ण जात नाही. फोड असताना संबंध टाळावेत. ओठावर फोड असेल तर तान्ह्या बाळाचा पापा अजिबात घेऊ नये, नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेततो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका सर्वाधिक, म्हणून ते डॉक्टरांना लगेच सांगावं. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखत असेल तर दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणं घातक ठरतं. हर्पिस असेल तर बुबुळावरची जखम त्याने पसरते.

निदान नक्की करायचं तर ताज्या फोडातल्या पाण्याची पीसीआर तपासणी करतात. खासगी दवाखान्यात जायचा संकोच वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जावं. तिथे लैंगिक आजारांची औषधं रंगांनुसार किटमध्ये मोफत मिळतात; हर्पिसचं किट लाल, आणि त्यात असायक्लोव्हिरच असतं.