म्यूटूचा पहिला चित्रपट: चार नोंदींपासून अमेरिकी पडद्यापर्यंत

पोकेमॉनचा पहिला चित्रपट, जपानी नाव ‘म्यूत्सू नो ग्याकुश्यू’, म्हणजे म्यूटूचा प्रतिहल्ला, तोहो कंपनीने १८ जुलै १९९८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित केला. शाळांना उन्हाळी सुटी लागायच्या बेतात होती. प्रयोगशाळेत तयार केलेला एक प्राणी ‘मी कोण, मला कशासाठी बनवलं?’ असे विचारतो आणि उत्तर न मिळाल्याने माणसांवर उलटतो, एवढाच त्याचा गाभा. मुलांच्या सुटीतल्या सिनेमासाठी हा विषय जडच. तो तिथे कसा पोहोचला आणि सव्वा वर्षाने अमेरिकेत गेल्यावर त्याचे काय झाले, हे पाहायचे तर सुरुवात टीव्हीपासून नाही, गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रापासून करावी लागते.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ बाजारात आले. सातोशी ताजिरी यांच्या ‘गेम फ्रीक’ने ते बनवले होते आणि प्राण्यांची चित्रे मुख्यतः केन सुगिमोरी यांची होती. यादीत प्राणी १५०. शेवटचा, १५० क्रमांकाचा, म्यूटू. त्याची सगळी पूर्वकथा खेळातल्या एका जळक्या वाड्यात पडलेल्या चार रोजनिशीच्या नोंदींत आहे. ५ जुलै: दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडला. १० जुलै: त्याचे नाव म्यू ठेवले. ६ फेब्रुवारी: म्यूला पिल्लू झाले, ते म्यूटू. १ सप्टेंबर: म्यूटू फार ताकदवान आहे, त्याचा हिंस्रपणा आवरता आला नाही. खेळणाऱ्याला यापलीकडे काहीही सांगितले जात नाही. चित्रपटाने यातली एक गोष्ट बदलली. तिथे म्यूटू म्यूच्या पोटी जन्मत नाही, तर म्यूच्या पापणीच्या केसाच्या जीवाश्मापासून बनवलेली सुधारित प्रत म्हणून काचेच्या नळकांड्यात वाढतो. आई होती, ती ‘मूळ’ झाली. पुढचा सगळा संघर्ष या एका बदलातून निघतो.

म्यूची स्वतःची गोष्टही गमतीची आहे. खेळ जवळजवळ पुरा झाल्यावर चाचणीसाठी वापरलेला भाग काढून टाकला आणि कार्ट्रिजमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी त्या जागेत १५१ वा प्राणी बसवला, तोही खेळाडूला सरळ मार्गाने मिळणार नाही अशा रीतीने. पण खेळातल्या दोषांमुळे तो काही जणांना अवचित सापडू लागला आणि शाळाशाळांतून कुजबुज पसरली. एप्रिल १९९६ मध्ये ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकाने सोडतीत २० जणांना म्यू देण्याची घोषणा केली, तेव्हा सुमारे ७८ हजार मुलांनी नावे पाठवली. प्रत्येकाने ऐकलेला पण जवळजवळ कुणीच न पाहिलेला प्राणी पडद्यावर आणायचा तर तो आणखी कोणता असणार?

टीव्ही मालिका १ एप्रिल १९९७ रोजी टीव्ही तोक्यो वाहिनीवर सुरू झाली. निर्मिती ओएलएम स्टुडिओची, मुख्य दिग्दर्शक कुनिहिको युयामा, कथेची बांधणी ताकेशी शुदो यांची. शुदो हे त्या काळच्या बालमालिकांमधले वेगळे लेखक. तिथे खलनायकांना ते गोड आणि विनोदी करत, आणि मुलांच्या तोंडी मोठ्यांनाही अडचणीत टाकणारे प्रश्न घालत. टीम रॉकेट या खलनायक टोळीचे त्रिकूट आजही लोकांच्या लक्षात आहे, त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. नायकाचा सोबती, विजेची शक्ती असलेला पोकेमॉन पिकाचू, त्याला बोलता येऊ न देता इकुए ओतानी यांच्या आवाजातल्या ‘पिका’वर सगळे भाव तोलायचे, हेही मालिकेने सुरुवातीलाच पक्के केले. मालिका दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला लागे आणि वर्षअखेरीस चित्रपटाची तयारी चालू होती.

१६ डिसेंबर १९९७ च्या मंगळवारी ३८ वा भाग लागला. पात्रे संगणकाच्या आत शिरतात, त्यांच्यावर क्षेपणास्त्रे सुटतात आणि पिकाचू वीज सोडून ती फोडतो. हा स्फोट दाखवायला ‘पाकापाका’ ही जुनी क्लृप्ती वापरली होती. एक चौकट पूर्ण लाल, पुढची पूर्ण निळी, पुन्हा लाल. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर लाल रंग सेकंदाला १२ वेळा चमकतो, आणि हे काही सेकंद सलग चालले. प्रकाशाला संवेदनशील मेंदूसाठी हा वेग अगदी धोक्याच्या पट्ट्यात येतो. त्यात गडद लाल रंग, पडदाभर पसरलेली चमक आणि टीव्हीला नाक लावून बसलेली मुले. चक्कर, ओकारी, आकडी अशा तक्रारींनी ६८५ मुलांना रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्यावे लागले. बहुतेक जण लवकर सावरले. रात्रीच्या काही बातम्यांनी तेच दृश्य पुन्हा दाखवले आणि आणखी मुले आजारी पडली. बातमी देणाऱ्यांनी त्या वेळी एवढे तरी टाळायला हवे होते.

मालिका चार महिने बंद राहिली. एप्रिल १९९८ मध्ये जपानी वाहिन्यांनी नियम आखले. चमक, विशेषतः लाल रंगाची, सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको. लाल नसेल तरी पाचच्या वर नको. एकूण दोन सेकंदांपलीकडे नको. पट्टे, भोवरे आणि एकात एक वर्तुळे पडद्याचा मोठा भाग व्यापणारी नकोत. एका जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये १९९३ साली असेच घडले होते आणि तिथे नियम आधीच झाले होते. जपानने ते स्वतःच्या अनुभवावरून शिकून घेतले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा’ ही सूचना तेव्हापासून येते. जाता जाता: वीज पिकाचूने सोडली होती, पण मालिकेतून कायमचा बाहेर गेला तो भागाच्या शीर्षकातला पोरीगॉन हा दुसराच पोकेमॉन.

१६ एप्रिल १९९८ पासून मालिका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता परतली. पण या खंडाने टीव्ही आणि चित्रपट यांची सांगड विस्कटली. चिलखत घातलेला म्यूटू टीम रॉकेटचा प्रमुख साकाकी याच्या हाताखाली लढतो, तो टीव्हीवरचा भाग २४ सप्टेंबर १९९८ रोजी लागला, म्हणजे चित्रपट येऊन दोन महिने उलटल्यावर. पडद्यावर त्या चिलखताचा उल्लेख धावता आहे, त्यामुळे फक्त चित्रपट पाहणाऱ्याला तो तुटक वाटतो. तुटकपणा चित्रपटातला नाही, वेळापत्रकातला आहे.

चित्रपटाचा खरा पाया तर आणखी मागे होता आणि मूळ प्रदर्शनात तो नव्हताच. ७ जून ते ५ जुलै १९९८ या पाच रविवारी रेडिओवर ‘म्यूटूचा जन्म’ हे नाटक झाले. म्यूटूची निर्मिती करणाऱ्या डॉ. फुजींची मुलगी आई (होय, जपानीत तिचे नाव ‘आई’च आहे) लहानपणीच वारलेली. तिला परत आणायला ते तिची प्रत तयार करत असतात आणि त्यासाठी लागणारे पैसे मिळावेत म्हणून साकाकीसाठी म्यूटू बनवतात. नळकांड्यातल्या म्यूटूला ती प्रत बोलायला शिकवते, सूर्य, वारा, चंद्र दाखवते, आणि एक एक करून सगळ्या प्रती विरून जातात. शेवटी तीही जाते. म्यूटू रडतो, आणि शास्त्रज्ञ औषध देऊन त्याची आठवण पुसतात. हे माहीत असले तर शेवटचे अश्रू नीट कळतात. माहीत नसेल तर ते जादूसारखे आभाळातून पडतात. पुढे ८ जुलै १९९९ रोजी टीव्हीवर दाखवलेल्या ‘पूर्ण आवृत्ती’त हा भाग सुमारे दहा मिनिटांची चित्रित प्रस्तावना म्हणून जोडला. रेडिओतल्या टीम रॉकेटमधल्या मुसाशीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जेसीच्या, आईची कहाणी मात्र पडद्यावर कधीच आली नाही.

चित्रकारांपुढचा अवघड भाग होता मूळ आणि प्रत यांच्या लढाईचा. पडद्यावर एकाच जातीचे दोन प्राणी एकमेकांत गुंतलेले, आणि मुलाला कोण कोण ते चटकन कळायला हवे. प्रतींना खुणा दिल्या. नकली पिकाचूच्या कानाच्या काळ्या टोकांची कडा दातेरी आहे, चरिझार्ड, ब्लास्टॉइस आणि व्हीनसॉर यांच्या प्रतींच्या अंगावर वेगळे पट्टे आहेत. हे काम सेलवर, म्हणजे पारदर्शक पटलांवर, हाताने रंगवलेले आहे. साधारण टीव्ही मालिकेत एक चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. चित्रपटात मोक्याच्या जागी चित्रे वाढवतात, आणि तो खर्च इथे लढाईत दिसतो. शेवटी सगळे दमतात, विद्युत आणि आग विसरून थपडा मारू लागतात. पिकाचूची प्रत त्याला मारत राहते, खरा पिकाचू हात उचलत नाही. हे पाच-सात मिनिटांचे दृश्य म्हणजे सबंध चित्रपटाचे काळीज.

चित्रपटाची लांबी सुमारे ७५ मिनिटे, सोबत ‘पिकाचूची उन्हाळी सुटी’ हा लघुपट. शीर्षकगीत साचिको कोबायाशी या ज्येष्ठ एन्का (जपानी भावगीतांचा एक प्रकार) गायिकेचे. वितरकाचे उत्पन्न ४१५ कोटी येन झाले (जपानमध्ये २००० पूर्वी तिकीटविक्री न मोजता वितरकाचा वाटा मोजत, म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना सरळ करता येत नाही).

अमेरिकेत ‘४ किड्स’ आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी तो १० नोव्हेंबर १९९९ रोजी आणला. तो बुधवार, शाळेचा दिवस. तरी पहिल्या पाच दिवसांत ५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला, एकूण ८.५ कोटींच्या पुढे. तिकिटासोबत पिकाचू, म्यूटू, इलेक्टाबझ आणि ड्रॅगोनाइट यांपैकी एकाचे चित्र असलेला खेळायचा पत्ता (कार्ड) मिळे, आणि त्या पत्त्यांसाठीच रांगा लागल्या.

चित्रे तीच, पण ‘४ किड्स’चे निर्माते नॉर्मन ग्रॉसफेल्ड यांच्या चमूने संवाद आणि संगीत बदलून वेगळा चित्रपट उभा केला. शिंजी मियाझाकी यांचे मूळ संगीत जवळजवळ काढून टाकले. लढाईच्या मध्यावर इंग्रजी गाणे घातले, जे पडद्यावरच्या वेदनेला चक्क उपदेश बनवते. मूळ जपानीत म्यूचे म्हणणे टीम रॉकेटमधला बोलणारा पोकेमॉन मियाऊथ सांगतो ते असे: खरे ते खरेच. शक्ती न वापरता अंगाला अंग भिडले तर खरे नकलीला हरणार नाही. म्हणजे म्यूही निर्मळ नाही, त्यालाही मूळ असल्याचा ताठा आहे. इंग्रजीत तोच मियाऊथ सांगतो की शक्ती दाखवून काही सिद्ध करायची गरज नाही, खरे बळ हृदयातून येते. दोन बाजूंना तोलून धरणारे मूळ वाक्य एका फटक्यात एकाच बाजूला झुकले. अखेरीस इंग्रजी म्यूटू म्हणतो की जन्म कसा झाला याला महत्त्व नाही, मिळालेल्या आयुष्याचे काय करता त्याला आहे. हे वाक्य आज इंटरनेटवर पोस्टरांवर फिरते, पण जपानीत ते नाहीच. तिथे म्यूटू एवढेच मान्य करतो की तूही आणि मीही आता अस्तित्वात असलेले पोकेमॉन आहोत, आणि जे घडले ते कुणाच्या लक्षात न राहिलेले बरे म्हणून सगळ्यांची आठवण पुसतो.

ग्रॉसफेल्ड यांनी नंतर कारणही दिले. अमेरिकी प्रेक्षकाला नायक-खलनायक ठळक लागतात, मूळची संदिग्धता चालली नसती. धंद्याच्या हिशेबाने ते खोटे म्हणता येत नाही. पण हिंसेने प्रश्न सुटत नाहीत असा धडा देणारा चित्रपट त्याच खेळाची जाहिरात करतो ज्यात प्राणी लढवायचे असतात, ही विसंगती त्यातून अधिक उघडी पडली. जपानी आवृत्ती लढण्याबद्दल नव्हतीच, असण्याबद्दल होती, म्हणून तिच्यावर हा आक्षेप फारसा बसत नाही. घाईच्या खुणाही राहिल्या. सायथरला अलाकझॅम म्हटले आहे, पिजटला पिजॉटो, सँडस्लॅशला सँडश्रू.

भारतात मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली आणि इंग्रजीवरूनच हिंदीत उतरली. म्हणून मराठी घरांतल्या मुलांसाठी नायक सातोशी नव्हे तर ॲश, मुसाशी-कोजिरो नव्हे तर जेसी-जेम्स. म्यूटूचा अमेरिकी अर्थही आपल्याकडे त्याच वाटेने आला.

२०१९ साली युयामा आणि मोतोनोरी साकाकिबारा यांनी हाच चित्रपट पूर्ण संगणकीय चित्रांत ९८ मिनिटांचा करून १२ जुलैला प्रदर्शित केला. म्यूटूचा आवाज पुन्हा मासाचिका इचिमुरा यांचाच, गाण्यात कोबायाशींसोबत शोको नाकागावा. बाकी जगाला तो २७ फेब्रुवारी २०२० रोजी, खेळाच्या वर्धापनदिनी, नेटफ्लिक्सवर मिळाला. शुदो तो पाहायला नव्हते. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

जुनी प्रत हाती लागली तर ती कोणती हे ओळखणे सोपे आहे. आरंभी नळकांड्यात मुलगी दिसली तर १९९९ ची पूर्ण आवृत्ती. मुलगी नाही आणि लढाईत इंग्रजी गाणे वाजते, तर अमेरिकी. अमेरिकेत फुजींच्या मुलीची ती प्रस्तावना २००१ मध्ये ‘म्यूटू रिटर्न्स’ या म्यूटूच्या पुढच्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर वेगळी दिली होती, त्यामुळे त्या चित्रपटाची प्रत असणाऱ्याने जोडभागांची यादी एकदा तपासावी.