सोमवारीच छाती का भरायची?

गिरणगावात वाढलेल्यांना तूस म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, गिरणीत कापसाचे जे बारीक तंतू आणि धूळ उडते ते. ब्लो रूम (कापूस मोकळा करून साफ करायचा तिथे) आणि कार्डिंग (विंचरायच्या) खात्यात सगळ्यात जास्त उडायचं, भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि श्वासाबरोबर आत जायचं ते वेगळंच. गूळ खाल्ला की तूस उतरतं म्हणायचे, पण गूळ जातो पोटात आणि तूस बसतं फुफ्फुसात, त्यामुळे समाधान तेवढं मिळायचं.

या धुळीने होणारा छातीचा आजार मात्र मुंबईच्या गिरण्यांपेक्षा जुना. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने 18व्या शतकाच्या सुरुवातीलाच जवसाचे धागे विंचरणाऱ्यांचा खोकला आणि दमा लिहून ठेवलाय. त्याचं बिसिनोसिस हे नाव 1877 मधलं, फ्रान्समधलं. खरी गंमत शिलिंगची, या इंग्रज डॉक्टरने 1950 च्या दशकात लँकेशायरच्या कामगारांना सरळ विचारलं की छाती कधी आवळते, तर उत्तर यायचं सोमवारी! म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आणि आठवडा पुढे सरकला की कमी. त्याने आजाराच्या पायऱ्याच यावर ठरवल्या. आता बघा, मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली 1890 मध्ये, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंमुळे. त्याआधी हा सोमवार ओळखायचा तरी कसा?

मग कारण काय, तर नुसता कापूस नाही. बोंडाभोवतीच्या पानांवर जे बॅक्टेरिया असतात त्यांच्या भिंतीत एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं, वाळकी पानं चुरली की ते धुळीत येतं. फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी ते आपल्यावरच्या टीएलआर-4 नावाच्या रिसेप्टरने ओळखतात (एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर हाच, हे 1998 मध्ये कळलं, शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलरला 2011 चं नोबेल त्यासाठीच) आणि लगेच केमिकल सिग्नल सोडतात की पांढऱ्या पेशींची फौज धावत येते, श्वासनलिकेला सूज, चिकट कफ, छाती आवळलेली. रोज धूळ खाल्ली की शरीर थोडं सरावतं, रविवारी तो सराव उतरतो, म्हणून सोमवार वाईट. पण सरावलं म्हणजे बरं झालं असं नाही, वर्षानुवर्षं हेच चाललं तर दम कायमचा कमी होतो.

अमेरिकेने 1978 मध्ये सूतगिरण्यांसाठी घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम धूळ अशी मर्यादा घातली. आपल्याकडे कामगार कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे, पण खोकणाऱ्याला आधी टीबी नाहीतर बिडी असंच धरलं जातं, सोमवारचं विचारतंय कोण. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, कापसाची धूळ काही थांबली नाही, विदर्भातल्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करतात तिथे) बघा, तोंडाला रुमाल असतो फक्त.