मिशनकार्य, बेळगाव परिसरातील

बेळगाव, खानापूर आणि भोवतालच्या मुलखात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेले धर्मप्रसार व शिक्षण यांचे काम. जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या आजही एक टक्क्याच्या आतच आहे. या कामाचा ठसा चर्चपेक्षा शाळेत शोधावा लागतो.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून येथे आले. त्यांची पहिली वस्ती कानडी मुलखातली, आणि येऊन पडले ते मराठी-कानडी सरमिसळीच्या गावात. १८३२ मध्ये मिशनने इंग्रजी शाळा काढली. तीच पुढे बेनन-स्मिथ हायस्कूल झाली. नावातले बेनन आणि स्मिथ हे दोघेही मिशनचे पाद्री. १९०४ मध्ये लंडन मिशनने येथील काम अमेरिकन मेथडिस्टांच्या, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाच्या, हवाली केले. मुलींचे वनिता विद्यालय मेथडिस्टांचे, तर कॅम्पातले सेंट पॉल्स हायस्कूल (१८५६) कॅथलिकांचे.

बायबलच्या तासाला बसलेली पोरे बहुतेक हिंदू घरांतली. त्यांना बाप्तिस्मा नको होता, इंग्रजी हवे होते. इंग्रजीमागे कचेरीतली नोकरी होती. पाद्र्यांचा हेतू एक आणि पालकांचा दुसरा, तरी सौदा दोघांनाही परवडला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या के.एल.ई. सोसायटीसारख्या स्थानिक संस्थांनी पुढे शिक्षणाचा पसारा मिशनपेक्षा कितीतरी मोठा केला. सीमावादात मात्र मिशनच्या इंग्रजी शाळांना वेगळेच महत्त्व आले. मराठी माध्यम की कन्नड, यावर रस्त्यावर उतरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले ‘कॉन्व्हेंट’मध्ये एकाच बाकावर बसलेली दिसतात.

खानापूर-नंदगडकडची कॅथलिक घरे या शाळांतून निर्माण झालेली नव्हेत. ती गोव्याहून घाट चढून आली. घरात कोंकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड असा त्यांचा रिवाज. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, झाला. तो गोवा आणि पुणे या धर्मप्रांतांच्या मुलखातून काढला.

बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरला तर उलटाच प्रकार घडला. तिथल्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) फादरांनी लिंगायत विरक्त मठाचा, म्हणजे ब्रह्मचारी स्वामींच्या मठाचा, घाट उचलला. ते भगवी वस्त्रे नेसतात, शाकाहार पाळतात, आणि त्यांच्या चर्चला गाव मठच म्हणते.