दलममधून घरी: गडचिरोलीतली आत्मसमर्पण प्रक्रिया आणि लागणारे कागद

राज्याची नक्षल आत्मसमर्पण योजना २९ ऑगस्ट २००५ पासून चालू आहे. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली, तेव्हा ती देशभर गाजली. ही माहिती मात्र ज्या घरातला पोरगा किंवा पोरगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी जंगलात गेली, त्या घरासाठी आहे.

पात्र कोण?
दलम (नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी), प्लाटून किंवा त्यांच्या समितीत काम केलेली व्यक्ती. बहुतेकांची वाट गावातूनच सुरू होते: आधी बालसंघम (संघटनेचा मुलांचा गट) किंवा चेतना नाट्य मंच या त्यांच्या कलापथकातली गाणी, मग गावातला पहारा, निरोप पोचवणं, आणि एक दिवस खांद्यावर बंदूक. कोणत्या वर्षी काय काम केलं हे आठवून खरं सांगावं. ओळख, हुद्दा आणि गुन्हे पडताळले जातात आणि रक्कम हुद्द्यावर ठरते.

वय १८ च्या आत असेल तर ते मूल आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८३ नुसार मुलांना भरती करणाऱ्या सशस्त्र गटाचा तो गुन्हा ठरतो. अशा मुलासाठी बालकल्याण समितीकडे जाण्याचा आग्रह धराच.

कुठे जायचं?
जवळचं पोलीस ठाणं, पोलीस अधीक्षक कार्यालय किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा कॅम्प. एकट्याने जाण्यापेक्षा घरचं माणूस किंवा गावपाटील सोबत असलेला बरा.

काय मिळतं?
केंद्राच्या तरतुदीप्रमाणे वरिष्ठांना ५ लाख, मधल्या आणि खालच्या हुद्द्याला २.५ लाख रुपये. शिवाय व्यवसाय प्रशिक्षणासाठी ३ वर्षं दरमहा १०,०००. हत्यार जमा केल्यास वेगळी रक्कम. मोठी रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहते आणि वर्तणूक चांगली असेल तर ३ वर्षांनी हाती येते. त्या भरवशावर आधीच उसनवारी करू नका.

कागदपत्रं
घरी परतणं खरं अडतं ते इथे. दहा-बारा वर्षं जंगलात काढलेल्या माणसाकडे आधार नसतं, बँक खातं नसतं, काहींचं नाव रेशनकार्डावरूनही गेलेलं असतं. घरच्यांनी आधीपासून जमवून ठेवावं असं:

- जिल्हा परिषद शाळेचा दाखला; दोन यत्ता शिकला असला तरी हजेरीपटात नाव सापडतं
- आजोबा-पणजोबांच्या नोंदीची कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल. जातीच्या दाखल्याला आणि पुढे जात पडताळणीला हीच कामी येते
- आईवडिलांचं आधार आणि रेशनकार्ड
- ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला

आधार, जातीचा दाखला यांसाठी पोलीस ठाण्यातल्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या मदत खिडकीत विचारा.

खटल्यांचं काय?
आत्मसमर्पण म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. गंभीर गुन्ह्यांचे खटले न्यायालयात चालतात. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. आपल्या नावावर कोणकोणते गुन्हे आहेत, याची यादी वकिलामार्फत पहिल्याच महिन्यात काढा.

एक गोष्ट लोक लाजेने बोलत नाहीत. संघटनेत लग्नाआधी अनेक पुरुषांची नसबंदी केली जाते. ती उलटवण्याची शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतर मुलंबाळं झालेली जोडपी आहेत. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा.